चिमट्याचे बुश

आधीच माफी मागतो. लिहिणं हे आपलं काम नाही, असं मी आजवर धरून चाललो होतो. आमच्या घरात सलग दोन पानं लिहिणारा मीच पहिला, आणि तीही परीक्षेतच लिहिली आहेत. मी वही घेऊन बसलो की आईला अभ्यास चाललाय असं वाटतं. आत्ताही ती तसंच समजेल. शिवाय ज्याच्याविषयी लिहितो आहे त्याला मी विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही, त्याचं नाही आणि इतर कुणाचंही नाही. मोटारसायकलीबद्दल जे लिहिलंय त्यात जाणकारांना चुका सापडतील. काही महिन्यांपूर्वी पाना कोणत्या बाजूला फिरवला की बोल्ट सैल होतो, हेही मला विचार करून आठवावं लागायचं. तरी लिहितो, कारण हे सांगायला मला इथं दुसरं कुणी नाही.

माझं गाव मंठा तालुक्यात. जालन्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही तेव्हा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला सहा खोल्यांच्या एका ओळीत राहायला आलो. वर पत्रे, समोर सगळ्यांत मिळून एक नळ. तिसऱ्या खोलीत एकजण आधीपासून राहत होता आणि त्याला पार्टनर हवा होता. सळई बनवणाऱ्या मिलमध्ये कामाला, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, भोकरदनच्याही पलीकडचा, धावड्याचा. मी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तो स्टोव्हला पिन मारत होता.

"काय करतो?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कॉलेजला आहे."

"मंग तू कॉलेज, मी मिल. बराबर? नावं लक्षात ठेवायची झंझट न्हाई."

तेव्हापासून तो मला कॉलेजच म्हणायचा. "ए कॉलेज, उठ, पाणी जाऊन राह्यलं." मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या उशाशी भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. माझ्या बाजूला मी आईनं दिलेली देवीची तसबीर लावली. दोन तसबिरींच्या मधल्या दोरीवर दोघांचे कपडे वाळायचे. आमचं बोलणं फार नसायचं. पण मी रात्री वाचत बसलो की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि दिवा बंद कर असं एकदाही म्हणाला नाही.

त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. त्याच्याआधी तिला दोन मालक झाले होते. मिलला जाताना तो मला चौफुलीवर सोडायचा. पहिल्यांदा बसलो तेव्हा वळणावर मला वाटलं चाक पंक्चर आहे. गाडीचा पुढचा भाग वळायचा आणि मागचा थोडा विचार करून त्याच्यामागे यायचा.

"दादा, मागं काहीतरी हलतंय."

"चिमट्याचे बुश गेलेत तिचे. लंगडती ती. तू हलू नको म्हंजे झालं."

मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांत धरलेलं असतं त्याला चिमटा म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तो चिमटा एका आडव्या बोल्टवर वरखाली हलतो, आणि जिथं हलतो तिथं दोन्ही बाजूंना रबर भरलेले लोखंडी बुश असतात. रबर गेलं की चिमटा वरखाली हलण्याबरोबर डावीउजवीकडेही हलायला लागतो. दादानं गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक धरून हलवून दाखवलं. आतून कटकट आवाज आला. तो हसला. "माझे गुडघे बी असेच वाजतेत."

रिकाम्या रस्त्यावर त्यानं मला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं. ती उजवीकडे ओढायची, म्हणून मी कायम थोडा डावीकडे झुकून बसायला शिकलो. मला वाटायचं मोटारसायकल अशीच चालवतात.

यंदा पावसाळा सरता सरता दादाला संध्याकाळचा ताप यायला लागला. भाकरी अर्धी ठेवायचा. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवीन भोक पाडलं, मग काही दिवसांनी आणखी एक. मी विचारलं तर म्हणाला, "भट्टीची उष्णता हाय." मी हो म्हणालो.

इथं मला माझी एक खोड सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला समजलं नाही तरी मी हो म्हणतो. वर्गात सर विचारतात, "समजलं?" आणि माझी मान आधीच हलते. घरात मला सगळं माहीत आहे असं धरून चालतात. कॉलेजात मला काहीच माहीत नाही हे कुणाला कळू नये असं वाटतं. दोन्हीकडे हो म्हणणं सोपं पडतं.

एका सकाळी दादानं पिशवी भरली. भोकरदनच्या एसटीनं जायचं म्हणून मी त्याच्याबरोबर एसटी स्टँडवर गेलो. मोटारसायकल खोलीपुढेच ठेवली.

"हिच्यावर धावड्यापातुर गेलो तर हाडं मोजून घ्यावी लागतील," तो म्हणाला. "चार दिवस माईच्या हातचं खातो आन् येतो. तोवर बुशाचं जमलं तर बघ. तू शिकलेला माणूस. मशीनला घाबरू नको."

पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलं होतं. ते त्यानं मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवून बसला. मी ते पाहिलं. काय निघालं, कुणाला दाखवलं, काही विचारलं नाही. "येतो मग," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो."

चार दिवस झाले. पाचव्या दिवशी फोन लावला तर बंद. सहाव्या, सातव्या दिवशीही बंद. दहाव्या दिवशी मिलच्या गेटवर गेलो. वॉचमन म्हणाला ठेकेदाराला विचार. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "येत न्हाई म्हंजे सुटला. त्याच्या जागी दुसरा लागला बी." मी विचारलं, घरचा पत्ता? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच हो म्हणून परत आलो.

खोलीत दोरीवर त्याचा एक शर्ट राहिला होता. वाळून कडक झाला तरी मी तो काढला नाही. स्वयंपाक एकट्यापुरता करता येईना, अंदाजच चुकायचा. सकाळची उरलेली भाजी संध्याकाळी खायचो. तो जिवंत आहे का, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी स्वतःशीही सरळ शब्दांत विचारत नव्हतो.

भोकरदनला दिवसातून कितीतरी एसट्या जातात. कोणत्याही दिवशी मी बसून जाऊ शकलो असतो. मी स्वतःला सांगितलं की गाडी नीट करायची, त्याच्याच गाडीवर जायचं, ती त्याच्या दारात नेऊन लावायची. हे ऐकायला चांगलं होतं. खरं असं की गाडी नादुरुस्त असेतोवर मला जावं लागणार नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी ती खोलायला घेतली. दोन पाने दादाचेच होते, बाकीचे ओळीतल्या शेवटच्या खोलीतून मागून आणले. मोबाइलवर एक व्हिडिओ तीनदा बघितला. चेनचं कव्हर, ब्रेकचा रॉड, मग मागचा एक्सल, मग चाक. निघालेली प्रत्येक वस्तू जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: डावीकडचा नट, उजवीकडचा वायसर. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट निघाले. चिमट्याचा आडवा बोल्ट मात्र हलेना. गंजून आतल्या नळीला धरून बसला होता. घासलेट ओतलं, जुनं ऑइल सोडलं, लाकडाचा ठोकळा लावून हातोडी मारली. दोन दिवस कॉलेजातून आलो की त्याच्यावर चार घाव घालायचो. तिसऱ्या दिवशी तो बोटभर सरकला आणि मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "दादा, हलला!" नळावर पाणी भरणाऱ्या बाईनं वळून बघितलं.

सुटा चिमटा घेऊन मी कामगारांच्या टेम्पोत चढलो. बसायला जागा मिळाली, चिमटा मांडीवर उभा धरला. समोरचा एकजण बराच वेळ त्याच्याकडे बघत होता.

"काय भाऊ, एवढंच राह्यलं का? बाकीची गाडी कुठंय?"

"ती मागून येऊन राह्यली," दुसरा म्हणाला.

सगळा टेम्पो हसला. मीही हसलो. त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलंच बोलणं होतं.

जुन्या जालन्यात एका बोळात एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दाढी पांढरी, बोटांच्या रेघांत कायमचं काळं ग्रीस. त्यांनी चिमटा हातात घेऊन भोकात अंगठा घातला आणि रबराचा चुरा माझ्या तळहातावर ठेवला. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा तो बोटानं मोडत होता.

"इसपे दो आदमी घूमते थे?"

"हो."

"अल्ला का करम." एवढंच म्हणून त्यांनी जुने बुश वाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून बाहेर काढले. नवीन आत घालताना एका बाजूला लहान गोटी, म्हणजे पान्याचा सॉकेट लावला, दुसऱ्या बाजूला नळीचा तुकडा, आणि वाइसचा दांडा इतका हळू फिरवला की मी श्वास धरून बघत राहिलो. बुश सरळ आत गेला. मग कापडानं चिमटा पुसून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अब सुन, बोल्ट कसने के टाइम पे..."

तेवढ्यात बोळात एक रिक्षा अडकली, ड्रायव्हर ओरडायला लागला, चाचा वळून त्याच्याशी काहीतरी बोलले आणि परत माझ्याकडे वळून त्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं. मला ते ऐकू आलं नाही.

"समझा?"

"हो," मी म्हणालो, आणि निघालो.

खोलीवर येऊन सगळं उलट्या क्रमानं बसवलं. वर्तमानपत्रावरची वस्तू एकही उरली नाही, याचा मला इतका आनंद झाला की परीक्षेत पास झाल्यावरही झाला नव्हता. गाडी मधल्या स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. तशाच अवस्थेत मी चिमट्याचा बोल्ट जोर लावून आवळला. चाक धरून हलवलं. कटकट नाही.

दोन दिवस गाडी कॉलेजला नेली. आवाज तर गेला होता. पण बसलो की सीट फळीसारखी लागायची, आणि तिसऱ्या दिवशी खड्ड्यातून निघाली की खालून कुईं असा बारीक आवाज यायला लागला. मी गाडी घेऊन पुन्हा चाचांकडे गेलो. ते खाली वाकले, चिमट्यावर हात ठेवून मला सीट दाबायला लावली आणि उठले.

"लटकता कसा क्या तूने?"

मी हो म्हणणार होतो. या वेळी म्हणालो, "चाचा, मला माहीत नाही. लटकता म्हणजे काय?"

"मैं बोल रा था उस दिन. तू हो हो करके भाग गया." ते रागावलेले नव्हते. त्यांनी पायातली रबराची चप्पल काढून मला दोन्ही हातांनी पिळून दाखवली. "बुश में रबर रहता. बोल्ट कसा के अंदर का लोहा पकड में आ गया. तूने खाली गाडी पे कसा. अब आदमी बैठेगा तो चिमटा ऊपर जाएगा, और रबर बैठे बैठे मरोडा जाएगा. हर टाइम मरोडा हुआ. कितने दिन चलेगा? स्टँड से उतार के, चक्कों पे खडी करके, आदमी बिठा के कसने का. बोल्ट ढीला कर. जितने बैठते उतने बिठा. फिर कस."

पिळलेल्या वस्तूतला ताण मी पहिल्या वर्षाला शिकलो आहे. त्याचं सूत्र मला पाठ आहे, त्यावर मी चांगले मार्क घेतले आहेत. बोल्ट आवळताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं. हे मी चाचांना सांगितलं नाही.

"कितने बैठते इसपे?" त्यांनी विचारलं.

"दोघं."

"तो दो बिठा."

चाचांच्या दुकानात गर्दी होती. त्यांना म्हणालो असतो तर त्यांनी तिथंच करून दिलं असतं. पण दादा मला म्हणाला होता की तू बघ, म्हणून मी ती खोलीवर आणली.

रविवारी बोल्ट सैल केला, गाडी स्टँडवरून उतरवली, आणि तिला धरून उभा राहिलो. एका बाजूनं बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्या बाजूनं नट आवळायचा. मी स्वतः वर बसलो तर दोन्हीकडे हात पुरत नव्हते. खाली उतरलो तर वर कुणी नव्हतं. सीटवर वाळूचं पोतं ठेवावं असा विचार केला. समोरच्या बांधकामावर वाळू होती. किती भरायची हे ठरवायला बसलो. माझं वजन मला माहीत होतं. दादाचं किती धरायचं? मी पहिल्यांदा त्याच्या मागे बसलो तेव्हाचं, की एसटी स्टँडवर सोडलं तेव्हाचं? मी रिकामं पोतं हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.

पलीकडच्या खोलीतल्या मावशी बाजेवर तांदूळ निवडत होत्या. त्या बियाण्याच्या कंपनीत जातात, दिवसभर बी निवडतात, आणि सुट्टीच्या दिवशी घरचे तांदूळ निवडतात. दीड वर्ष एका नळावर पाणी भरूनही मी त्यांच्याशी सरकता का, भरलं का, यापुढे बोललो नव्हतो.

"काय रे पोरा, कवाचा गाडीला धरून उभा हायेस. पळून जाऊन राह्यली का ती?"

मी जवळ गेलो. विचारायला मला बराच वेळ लागला. "मावशी, थोडा वेळ गाडीवर बसता का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कुठं नेतो?"

"कुठं नाही. नुसतं बसायचं. वजन पाहिजे. मागं माणूस बसल्याशिवाय तो बोल्ट आवळता येत नाही. खरं तर दोन माणसं पाहिजेत."

"दोन कशाला शोधतो? माझं एकटीचंच दोघांएवढं हाय!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेवटच्या खोलीतून कुणीतरी हसलं. पदर खोचून त्या आल्या आणि एका बाजूला पाय सोडून मधोमध बसल्या. शॉकअप खाली गेले. त्यांनी समोरच्या भिंतीला हात टेकून गाडी सरळ धरली. मी खाली बसून डावीकडचा पाना फुटरेस्टला अडकवला आणि उजवीकडून नट फिरवायला लागलो.

"त्यो कुठंय तुझा पार्टनर? लई दिस झाले दिसला न्हाई."

"गावाला गेलाय."

"तब्येत गेल्ती त्याची. मी म्हणलं बी त्याला, चांगल्या डॉक्टरला दाखव. काय म्हणले डॉक्टर?"

"मी विचारलं नाही."

पाना अडला. मी पुन्हा जोर लावला.

"का रं, भांडण झाल्तं का?"

"नाही. फोन बंद आहे."

मावशींनी भिंतीवरचा हात बदलला. मग म्हणाल्या, "मंग जाऊन यायचं. फोन बंद हाय, रस्ता तर बंद न्हाई ना." आणि लगेच, "झालं का रे? तांदळात चिमण्या उतरल्या माझ्या."

झालं होतं. मी हो म्हणालो. त्या उतरल्या तशी सीट हळूच वर आली, आवाज न करता. माझ्याकडे आता गाडीचं काही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून निघालो. राजूरच्या अलीकडच्या वळणावर मी सवयीनं डावीकडे झुकलो आणि गाडी सरळ रस्त्याच्या कडेला गेली. कॉलेजच्या रस्त्यावर हळू जाताना जाणवलं नव्हतं, पण ती आता कुठंच ओढत नव्हती. भोकरदनपर्यंत मला सरळ बसायला शिकावं लागलं. मी आजवर तिच्यावर बहुतेक मागेच बसलो होतो. पुढे बसल्यावर पाठीला वारा लागतो, कारण मागं कुणी नसतं.

पिंपळगाव रेणुकाईला मिरचीची पोती चढवत होते, रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागत होता. तिथं रस्ता विचारला आणि धावड्याला पोचलो. मग कळलं की मी कुणाला शोधतोय हेच मला सांगता येत नाही. पारावर बसलेल्यांनी विचारलं, कोणाचा? बापाचं नाव काय? दीड वर्ष एका खोलीत राहून मला त्याच्या वडिलांचं नाव माहीत नव्हतं. त्याचं आडनाव सांगितलं, तर त्या आडनावाची घरं बरीच होती. फोनमध्ये त्याचा फोटो शोधला. एकच निघाला, तोही गाडीचाच, त्यात त्याची अर्धी पाठ.

मी फोन पुढे करून उभा असताना मिरचीचं पोतं पाठीवर घेतलेला एक माणूस थांबला. फोनकडे न बघता त्यानं गाडीकडे बघितलं. टाकीवरचा पोचा बोटानं चाचपला.

"ही गाडी कुठून आणली तुम्ही?"

"माझ्या पार्टनरची आहे. मी त्यालाच शोधतोय."

"मंग असं सांगा की!" त्यानं पोतं खाली टाकलं. "चला."

घराला कुलूप होतं. अंगणात दोन कोंबड्या फिरत होत्या, त्यांना कुणीतरी दाणे टाकलेले होते. शेजारच्या आजी बाहेर आल्या.

"मोठ्या दवाखान्यात नेलं त्याला. माय बी संगं गेली. रगत पडलं तोंडातून."

"कोणत्या दवाखान्यात?"

"संभाजीनगरला म्हणे. न्हाई तर बुलढाण्याला. आम्हाला काय कळतं बाबा."

"कधी?"

"झाले पंधरा दिवस. जास्तीच."

मी एका दमात पुढचं सगळं विचारलं. बोलत होता का, चालत गेला का, बरोबर आणखी कोण होतं, कुणाकडे फोन आहे का. आजींना अर्ध्या गोष्टी माहीत नव्हत्या. चालत गेला न्हाई, एवढं त्या नक्की म्हणाल्या. मी वहीचं पान फाडलं, माझं नाव आणि नंबर मोठ्या अक्षरात लिहिला, खाली लिहिलं, दादाचा जालन्याचा पार्टनर, आणि घडी घालून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवली. चहा घे म्हणाल्या. मी घेतला. गाडी दारात ठेवून यायचं ठरवलं होतं, पण कुलूप लावलेल्या घरापुढे ती ठेवायला मन झालं नाही. परत घेऊन आलो.

त्यानंतरचे नऊ दिवस मी फोन अंघोळीलाही जवळ घेऊन गेलो. वर्गात सरांनी फोन बंद करा म्हटलं तेव्हा मी आवाज बंद केला, फोन नाही. अनोळखी नंबर आला की पहिल्याच रिंगला उचलायचो, आणि पलीकडून कुणीतरी रिचार्जची योजना सांगायचं. मावशी नळावर रोज विचारायच्या, "काही कळलं का?" मी रोज नाही म्हणायचो. एवढं मात्र बरं होतं की रोज कुणीतरी विचारत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी कपडे धूत होतो. फोन वाजला. हाताला साबण होता, तसाच उचलला.

"हॅलो, तुम्ही ते जालन्याचे, कॉलेजवाले का? मी धावड्याहून बोलते, आशा कार्यकर्ती."

"दादा आहेत ना, ताई?" मी विचारलं. पहिलं वाक्य तेच निघालं.

"आहेत की. परवाच घरी आणलं. टीबी निघाला, छातीत दोन्ही बाजूंना हाय. गोळ्या चालू झाल्यात, सहा महिने तरी घ्यायच्यात. आता भाकर खातेत थोडी थोडी." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "मी फोन यासाठी केला की पेशंटसोबत एका घरात राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी करावी लागती. मी विचारलं घरात कोण कोण, तर त्यांनी दोनच नावं लिहून दिली. एक त्यांची आई आन् एक तुम्ही. नंबर चिठ्ठीवर सापडला. तुम्हाला खोकला, ताप काही?"

"नाही. ताई, त्यांचा फोन का बंद होता? माझ्याशी बोलतील का ते?"

"फोन कुठंतरी दवाखान्यातच गेला. मी म्हणलं माझ्या फोनवरून बोला, तर नको म्हणले. माझ्यामुळं पोराला रोग लागला आसल तर काय बोलू, म्हणले." ताई लगेच कामाचं बोलायला लागल्या. "तुम्ही जालन्यातच दवाखान्यात जाऊन तपासून घ्या, घाबरू नका, पण उद्याच जा. आन् एक निरोप हाय त्यांचा. डॉक्टरांनी भट्टीचं काम कायमचं बंद सांगितलंय. ते आता जालन्याला यायचे न्हाईत. कॉलेजला सांगा म्हणले, खोलीत दुसरा पार्टनर बघ."